बंद पडण्याच्या वेळा

शाळेच्या शताब्दी स्मरणिकेच्या चौसष्टाव्या पानावर एका माजी मुख्याध्यापकांच्या आडनावातली ऱ्हस्व वेलांटी मी दीर्घ करत होते, आणि ती उमटायच्या आतच संगणक बंद पडला. बिघाडाचा निळा पडदा आला नाही, कसली सूचना आली नाही, काही अडकून बसले नाही. टेबलाखालच्या सीपीयूतला पंखा घरघरत थांबला आणि मॉनिटरवर सिग्नल नसल्याची पाटी इकडून तिकडे तरंगू लागली. डोक्यावरचा पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती. होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. बटण दाबल्यावर संगणक निमूटपणे सुरू झाला, म्हणून मीही ते फारसे मनावर घेतले नाही. त्याच संध्याकाळी तो पुन्हा पडला, आणि मग जवळजवळ दोन महिने, दिवसातून एकदा, दोनदा, कधी तीनदा, पडतच राहिला.

‘नवा घेऊन टाक’ हा सल्ला मला पहिल्या आठवड्यातच चार जणांनी दिला. माझा व्यवसाय अक्षरजुळणीचा आहे. सांगलीत घरातल्याच एका खोलीत बसून मी लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षातून एखादा दिवाळी अंक लावते. हा संगणक मी २०१२ साली जुळवून घेतला. आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, विंडोज ७. त्यात पाने लावायचा पेजमेकर आहे, श्रीलिपीचे जुने फॉन्ट आहेत, आणि ते ज्याच्याशिवाय चालत नाहीत ते हार्डवेअर लॉक मागच्या बाजूला खोचलेले आहे. सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टांतला मजकूर दुसरीकडे उघडला की त्याची नुसती खिचडी दिसते. दरवर्षी अहवाल छापणाऱ्या संस्था ‘मागच्या वर्षीच्याच फायलीत आकडे बदला’ असे सांगतात, तेव्हा ती मागच्या वर्षीची फाइल याच पेटीत असते. त्यामुळे नवा घेणे हा दुरुस्तीला पर्याय नव्हता; दुरुस्ती करून मगच सवडीने नव्याचा विचार करता आला असता.

पेजमेकरची एक जुनी सोय या काळात माझ्या कामी आली. तुम्ही एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की तो आपणहून फायलीत एक छोटी नोंद करून ठेवतो, आणि अपघाताने बंद पडला तर पुन्हा उघडताना तिथवरचे काम परत देतो. ते लक्षात आल्यापासून मला दर दोन-तीन ओळींनंतर उगाचच पुढच्या पानावर जाऊन मागे येण्याची सवय लागली. ती अजून गेलेली नाही.

संगणक ‘बंद पडतो’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पडदा आहे तसा थिजणे वेगळे, निळा पडदा येऊन पुन्हा सुरू होणे वेगळे, ‘शटिंग डाउन’ असे सांगून रीतसर बंद होणे वेगळे, आणि दोर कापावा तसे तुटणे वेगळे. विंडोजमध्ये बिघाड झाला की आपणहून पुन्हा सुरू होण्याची खूण मुळातच केलेली असते, त्यामुळे निळा पडदा डोळ्यांना दिसण्याआधीच निघून जाऊ शकतो. ती खूण मी काढून टाकली. तरीही निळा पडदा दिसला नाही. म्हणजे विंडोज आजारी पडून झोपत नव्हती. तिच्या पायाखालची सतरंजी कुणीतरी ओढत होते.

संगणकात काय काय घडले त्याची नोंद दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर तिथे लाल खुणांची रांग लागलेली होती: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. या नोंदीचा मथितार्थ इतकाच, की आधी नीट बंद न होता यंत्रणा पुन्हा सुरू झालेली आहे. नोंदीच्या पोटात बिघाडाच्या संकेतांकाची जागा असते, तिथे शून्य. पॉवरचे बटण कुणी दाबून धरले होते का, हे सांगणारी आणखी एक जागा असते, तिथेही शून्य. हे मला त्या वेळी फारच निरुपयोगी वाटले होते. नंतर लक्षात आले की ही नोंद संगणक पडताना लिहिलेलीच नसते. ती लिहिली जाते पुन्हा जागा झाल्यावर. वीज तुटली त्या क्षणी लिहायला कुणी जिवंतच नसते. जवळच ६००८ क्रमांकाची आणखी एक नोंद होती, जी आधीच्या बंद पडण्याची वेळ देते, पण तीही अधूनमधून टिपून ठेवलेल्या शेवटच्या वेळेवरून काढलेली, म्हणजे अंदाजाचीच. सर्पदंश झालेल्या माणसाला शुद्धीवर आल्यावर ‘साप कोणता होता’ असे विचारावे आणि त्याने ‘मी बेशुद्ध पडलो होतो’ एवढेच सांगावे, तशी ही साक्ष होती.

संशय आधी उष्णतेवर गेला, आणि जाणे रास्तच होते. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही ताप उतरला नाही तर जळण्यापेक्षा बंद पडणे पत्करतो. एप्रिल तोंडावर होता आणि सांगलीचा एप्रिल चाळिशीला टेकतो. मी सीपीयूची बाजूची पत्र्याची झडप काढली. आत बारा-तेरा वर्षांची धूळ होती, आणि ती मोकळी नव्हती. प्रोसेसरवरच्या उष्णता काढणाऱ्या पात्यांमध्ये तिचा जाजमासारखा जाड थर बसलेला होता, तो चिमटीने धरून अखंड उचलला गेला. त्या पंख्याला मदरबोर्डमध्ये खोचायच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक निसटून वर आलेली होती. बाकी तिघी धरून होत्या, पण पंख्याखालचा धातूचा ठोकळा एका कोपऱ्यात केसभर उचलला गेला होता, आणि प्रोसेसरच्या बाबतीत केसभर म्हणजे पुष्कळच. दोन धातूंच्या मध्ये उष्णता पुढे जावी म्हणून जी पेस्ट लावतात ती वाळून पांढरा खडू झाली होती. नखाने खरवडली तर भुगा पडला.

ते काम मी फार प्रेमाने केले हे कबूल करते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या मलमलीच्या तुकड्याने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे लख्ख केले, मधोमध तुरीच्या डाळीएवढी नवी पेस्ट ठेवली, आणि खुंट्या एकाआड एक, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबल्या. आधी कामाच्या भरात ९० अंशांपर्यंत जाणारे तापमान ५५ वर आले. पंख्याची घरघर गेली. आणि संगणक बंद पडायचा थांबला. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. स्मरणिका छापायला गेली. मी दोन मैत्रिणींना फोनवर पेस्टचे माहात्म्यही सांगितले.

दहाव्या दिवशी तो पडला.

सापडलेला दोष खरा होता, दुरुस्तीही खरी होती, आणि तरीही तो गुन्हेगार नव्हता, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला. त्यानंतर मी जे केले त्याला शोध म्हणता येणार नाही. ती चिडचिड होती. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे आणि तो लागूही पडतो, पण माझ्या मते त्यात खोडरबराचे श्रेय थोडे आणि पट्टी काढून पुन्हा नीट बसवण्याचे जास्त; घासून घासून सोन्याचा पातळ मुलामा मात्र जातो. शिवाय रॅम बिघडली तर निळा पडदा यावा, यंत्र थिजावे. वीज तुटण्याशी तिचा संबंध नसतो. हे ठाऊक असूनही रबर फिरवला. समोरच्या बटणाची वायर काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने संगणक सुरू केला, कारण अडकलेले बटण चार सेकंद दाबलेले राहिले तरी यंत्र बंद होते. फरक पडला नाही. भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या एसएमपीएसची बारा व्होल्टची वायर मल्टिमीटरवर तपासली, ११.४ ते १२.६ च्या मध्ये असावी लागते, ती १२.१ होती. मी एसएमपीएसला निर्दोष ठरवले.

मग सीपीयू रिक्षात घालून दुकानात नेला. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या मुलाने तीन दिवस ठेवून घेतला आणि चौथ्या दिवशी सांगितले, “मॅडम, तीन दिवस चालूच ठेवलेला, एकदापण बंद पडला नाही. तरी पडला तर मदरबोर्ड गेला म्हणून समजा.” तीनशे रुपये देऊन घरी आणला आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तो बंद पडला. दुकानात न पडण्यात काही माहिती आहे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण त्या वेळी मी फक्त त्या मुलाला मनातल्या मनात नावे ठेवली, आणि ती त्याच्या वाट्याला नाहक आली.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यावर आई सगळे लिहिते: दूध कधी खाडा, गॅसची टाकी कधी लावली, कामवाल्या मावशी कधी आल्या नाहीत. एप्रिल संपून पान उलटायच्या वेळी मी दुधाचा हिशेब करायला उभी राहिले, तर तारखांच्या चौकोनांत बारीक पेन्सिलीने काही आकडे दिसले. ५.३५. १०.४०. ५.५०. ११.०५ आणि ५.४०. मी विचारले, हे काय?

“तू ओरडतेस त्या वेळा,” आई म्हणाली. “संगणक पडला की तू जोरात ‘गेला!’ म्हणतेस ना? म्हटलं, लिहून ठेवावं. दुकानात विचारतील.”

दुकानात कुणी विचारले नव्हते, आणि मीही तिला विचारले नव्हते. मी मार्च-एप्रिलची पाने खिळ्यावरून काढून टेबलावर पसरली. नोंदी बेचाळीस होत्या. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते सहा या दोन टप्प्यांत होत्या. मी सकाळी सातपासून काम करते आणि दुपारी दोन ते चार, म्हणजे उन्हाच्या ऐन भरात, सर्वांत जास्त छपाईच्या फायली काढते. तेव्हाची नोंद एकही नव्हती. उष्णतेचा उरलासुरला संशय तिथेच संपला. आणखी एक गोष्ट होती: सोमवारच्या चौकोनांत एकही आकडा नव्हता. आणि ज्या नऊ दिवसांचे श्रेय मी पेस्टला दिले होते, ते चौकोन कोरे होते ते होतेच.

“सोमवारी काय असतं?” मी मोठ्याने म्हणाले.

“सोमवारी गिरणी बंद,” आईने कणीक मळता मळता सांगितले. तिच्या दृष्टीने तो प्रश्नाचा निकाल नव्हता. तिला मंगळवारी दळण टाकायचे होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. घराच्या आणि गिरणीच्या वायरी वीज वाटून देणाऱ्या एकाच डीपीवरून येतात आणि आमचे घर ओळीत शेवटचे. सकाळी पोरांना शाळेत सोडून आल्यावर आणि संध्याकाळी उन्हे कलली की बायका डबे घेऊन येतात. पाच-सहा डबे जमले की काका मोटर सुरू करतात, संपले की बंद. मी दळणाचा डबा घेऊन स्वतःच गेले आणि आडवळणाने विचारले. काका म्हणाले, “होळीच्या सुमाराला स्टार्टर जळाला बघा ताई. पार्ट मागवलाय, आला नाही. तोवर डायरेक्टच टाकतोय.” मधे आठवडाभर गिरणी बंद होती का, हेही विचारले. होती, घरची सगळी मंडळी चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेली होती आणि पुढे पाहुण्यांकडे राहिली होती.

दहा हॉर्सपॉवरची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरशिवाय थेट सुरू केली की पहिले काही क्षण ती चालू असतानाच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह ओढते. स्टार्टर हा धक्का साधारण एक तृतीयांशावर आणतो. तो नसला की सगळा भार वायरींवर येतो आणि ओळीतल्या शेवटच्या घराचे व्होल्टेज कोसळते. दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता मी मल्टिमीटरच्या पिना प्लगात खोचून बसले. आकडा २१८, २१७, २१८ असा रेंगाळत होता. गल्लीच्या तोंडाकडून मोटरचा ‘हूऽऽ’ असा चढता आवाज आला आणि मीटरवर १६५ उमटले, मग १७८, मग २०९, मग पुन्हा २१५. फार तर दोन सेकंद. मागे टेबलाखाली सीपीयू बंद पडलेला होता.

आणि खोलीतला दिवा जराही लुकलुकला नाही. हे मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते. पूर्वी घरात पिवळे बल्ब होते, तेव्हा गिरणी सुरू झाली की ते मंद व्हायचे. चोकवाली ट्यूब तर मिचकायची, आणि ‘गिरणी लागली’ हे घरातल्या लहान मुलालाही कळायचे. आताच्या एलईडी दिव्यांच्या आत जे सर्किट असते ते व्होल्टेज बरेच खाली आले तरी उजेड तेवढाच ठेवते. मोबाइलचा चार्जर शंभर व्होल्टपासून चालतो, माझ्या मॉनिटरचाही तसाच. म्हणून त्यावर सिग्नल नसल्याची पाटी आरामात तरंगत होती. व्होल्टेज पडले हे सांगणारी एकूण एक वस्तू आम्ही घरातून काढून टाकली होती. उरला होता एक म्हातारा एसएमपीएस, आणि तो त्याला येत होते तसे सांगत होता.

तरी इतक्या पडझडीला धड एसएमपीएसने दाद द्यायला नको होती, म्हणून तो मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे नेला. घरी उघडायचा प्रश्नच नव्हता. आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरांत प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. काकांनी उघडण्याआधी तो नुसता तळहातावर तोलला आणि म्हणाले, “हलकाय.” या धंद्यातली ही जुनी परीक्षा आहे: आत तांबे आणि लोखंड कमी असले की लेबलावर ४५० वॅट लिहिलेले असले तरी हाताला कळते. आत ४७० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कॅपॅसिटर होते. फुगलेले नव्हते, गळलेले नव्हते, दिसायला ठणठणीत. मोजले तर एक २४०, दुसरा २१५.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि एसएमपीएसच्या तोंडाशी ती एका दिशेने वळवली की तिचे सेकंदाला १०० उंचवटे होतात. दोन उंचवट्यांमधली दरी भरून काढण्याचे काम या दोघांचे. उंचवट्यावर शिदोरी भरून घ्यायची आणि दरीत ती वाटायची, सेकंदाला शंभर वेळा, तेरा वर्षे. आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. आता शिदोरीची डबीच निम्मी झालेली. त्यात ही शिदोरी व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २३० चे १६५ झाले की तीही निम्म्यावर येते. अर्ध्याचे अर्धे. तेवढ्यावर पुढच्या उंचवट्यापर्यंत पोचता येत नाही, एसएमपीएस हात वर करतो आणि मदरबोर्ड थांबतो. मी बारा व्होल्टची वायर मोजली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि गिरणी बंद होती. त्यामुळे १२.१ हा आकडा खरा असूनही त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. दोन वर्षांपूर्वी बॅटरी फुगली म्हणून मी यूपीएस भंगारात दिला होता आणि सीपीयूचा प्लग सरळ भिंतीत खोचला होता, हेही इथे नमूद करायला हवे. ते नमूद करायला मला आवडत नाही.

कॅपॅसिटर बदलता आले असते, पण काकाच नको म्हणाले. शंभर ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालणारा, ॲक्टिव्ह पीएफसी नावाच्या सर्किटाचा, हाताला जड लागणारा एसएमपीएस मी आणला आणि या वेळी दुसरे काहीही बदलले नाही. यूपीएससुद्धा मुद्दाम लगेच आणला नाही, कारण दोन्ही एकदम केले असते तर कशाने काय झाले हे पुन्हा कळले नसते, आणि एका पेस्टने मला पुरेसे फसवले होते. गिरणीच्या काकांचा स्टार्टर अजून आलेला नव्हता. तीन आठवडे रोज दोनदा मोटर थेट लागत होती, मल्टिमीटर १६५, १७० दाखवत होता, आणि मी पेजमेकरमध्ये एका पतसंस्थेचा ताळेबंद लावत होते. मला ओरडायची गरज पडली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि मी पुन्हा दुधाच्या हिशेबाला दिनदर्शिकेपाशी उभी राहिले. मे महिन्याच्या शेवटच्या चौकोनांत आईने लिहिणे थांबवले नव्हते. पेन्सिलीने, गॅसच्या टाकीच्या शेजारी, लिहिले होते: ‘५.४० – गिरणी लागली. संगणक चालू.’